सरांची सक्तीची सुट्टी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्टाफरूमच्या टेबलावर चहाचे डाग जमतात तसे ते जमत जातात. पुसायचं राहून जातं, आणि एक दिवस लक्षात येतं की टेबलाचा मूळ रंगच कोणाला आठवत नाही!

अकोल्यातल्या आमच्या क्लासमध्ये असे जमलेले बहुतेक किस्से एकाच माणसाचे आहेत. गावंडे सरांचे. क्लास त्यांचा, फिजिक्स त्यांचं. मी केमिस्ट्री शिकवते. आम्ही सकाळी पोचायच्या आधी सर आलेले असत, आणि आम्ही निघालो तरी ते निघालेले नसत. शिकवणं त्यांचं, पालकांचे फोन त्यांचे, झेरॉक्स मशीन बिघडलं तर तेही त्यांचंच. दुपारी डबा उघडून फोनवर बोलायला लागत, बोलून झालं की डबा बंद करत. आपण जेवलो की नाही, हे त्यांना घरी गेल्यावर वहिनींकडून कळायचं!

* * *

पहिला किस्सा हसण्यासारखा नाही, पण त्याच्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत.

बारावीची बॅच सुरू होती. सर फळ्यावर एक गणित सोडवत होते. निम्म्यात थांबले, मागे वळले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "हे कोणं लिहिलं?"

वर्ग हसला. सर मधूनमधून असली गंमत करत.

"हसू नका. कोणं लिहिलं हे?"

अक्षर त्यांचंच होतं. खडूही त्यांच्याच हातात होता. सर तिथेच प्लॅटफॉर्मच्या कडेला बसले, आणि कोणीतरी धावत मला बोलवायला आलं.

वहिनी आणि मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ईसीजी झाला, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो झाला. डॉक्टरांनी कागद बाजूला सारले. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. माणूस तेवढा नॉर्मल नाही! हे शरीर थकून थकून आता कामच करत नाही म्हणून राहिलं. दोन महिने क्लास बंद."

सर म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात टेस्ट सिरीज आहे. तेवढी होऊ द्या."

"ती होईल हो," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही असाल का, ते पाहा."

वहिनींनी तिथेच सरांच्या खिशातून फोन काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

* * *

घरी राहिले तर चालत क्लासवर येतील, म्हणून त्यांची रवानगी अमरावतीला झाली. मोठ्या बहिणीकडे, मंगलाताईंकडे. ताई शाळेतून रिटायर झालेल्या. आवाज असा की शेजारच्या घरातली मुलंही अभ्यासाला बसावीत.

गाडीनं अकोला सोडलं नसेल, तेवढ्यात मला अनोळखी नंबरवरून फोन. "मॅडम, अकरावीची बॅच बसली का?" शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून घेतला होता!

मग रोज नवा नंबर. दूधवाल्याचा, केस कापणाऱ्याचा, भाजीवाल्याचा, देवळाबाहेर हार विकणाऱ्या बाईचा. मी ते सेव्ह करायला लागले. 'गावंडे सर दूध', 'गावंडे सर कटिंग', 'गावंडे सर भाजी'.

एकदा 'भाजी'वरून फोन आला. उचलल्याबरोबर मी सुरू झाले, "सर, पोर्शन वेळेवर चालू आहे, तुम्ही आराम करा, मी फोन ठेवते."

पलीकडून आवाज आला, "बाई, मी खराच भाजीवाला बोलून राह्यलो! तुमचे सर सकाळपासून माह्या गाडीपाशी उभे हायेत. गिऱ्हाइकाले भाव सांगून राह्यले, अन् कोणी भाव पाडला त त्याले रागावून राह्यले. त्यायले घेऊन जा बाप्पा, मले धंदा करू द्या!"

* * *

ताईंनी त्यांना बागेतल्या योगवर्गाला घातलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, मनात काही आणू नका.

जरा वेळानं सरांचा आवाज, "मॅडम, मागच्या रांगेतले दोघं बोलून राह्यले."

"काका, तुम्ही डोळे मिटा."

"मी मिटले त मंग यांच्यावर लक्ष कोण ठेवन?"

दुसऱ्या दिवशी ताईंना निरोप आला की काकांना घरीच चालायला सांगा. अंगण छान आहे तुमचं!

* * *

मग ताई आणि त्यांचे यजमान सरांना चिखलदऱ्याला घेऊन निघाले. थंड हवा, झाडं, शांतता. परतवाड्याला उतरून जीप धरायची होती. जीपवाला म्हणाला, भरली की निघू.

आता भरेपर्यंत बसणं सरांना कसं जमावं? आत बसले, बाहेर आले, पुन्हा आत बसले. मग ताई आणि यजमान चहा प्यायला गेले तेवढ्यात उतरून रस्त्यावर उभे राहिले आणि क्लासमधल्या आवाजात सुरू झाले. "चिखलदरा, चिखलदरा! दोन सीट बाकी! चला आजी, पिशवी द्या इकडं. तुम्ही दोघं मागं. तू बारीक हायेस, मधात बस."

ताई परत येईपर्यंत ती जीप भरून निघून गेली होती. सर दुसरी भरत होते!

पाहिलं तर जीपवाल्यांनी सरांना खुर्ची दिलेली, वर आपल्याच खर्चानं चहाही. ताईंनी हात धरून ओढत नेलं, तर मागून एक जण ओरडला, "काका, उद्या किती वाजता येता?"

* * *

महिनाभरानं मी अमरावतीला गेले. टेस्ट सिरीजचे मार्क, नवे प्रवेश, सगळं सांगायची तयारी करून गेले होते. कारण सर विचारणारच.

सरांनी काहीच विचारलं नाही. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. उठले, फाटकापर्यंत गेले, परत आले, बसले. पुन्हा उठले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, ताई रोज विचारते, तुले काय आवडते सांग, थेच करते. मले सांगताच येत नाही. खरंच आठवत नाही, मले काय आवडते ते. खायाले बी, अन् तसं बी."

मी मार्कांचे कागद बॅगेतच ठेवले.

ताईंनी मात्र ते आपल्या पद्धतीनं घेतलं. रोज एक पदार्थ करायचा, लहानपणी घरी होत असलेला, आणि समोर बसून भावाचा चेहरा बघायचा. पातोडीची भाजी झाली, रोडगे झाले, वरणफळं झाली. सर पानातलं संपवत आणि उठत. "चांगलं झालं" म्हणत. ताई म्हणायच्या, "हा तर पाहुण्यासारखा बोलते!"

एका दुपारी त्यांनी गोळाभात केला. बेसनाचे गोळे, वरून लसूण-मिरचीची कढत फोडणी. सर जेवता जेवता थांबले. बोटं तशीच पानात. मग ताट पुढे केलं आणि म्हणाले, "अजून वाढ. अन् तेलाची कंजुषी करू नको."

ताई वाढून स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं आणि अकोल्याला वहिनींना फोन लावला. "शुभा! दुसऱ्यांदा मांगितला!"

मग दोघी फोनवरच रडायला लागल्या. वहिनी शाळेत शिकवतात, तेव्हा शाळेच्याच व्हरांड्यात उभ्या होत्या. मुलांना वाटलं, बाईंच्या घरी कोणी गेलं!

* * *

सर परत आले ते थोडे बारीक होऊन, आणि घड्याळ न घालता. आम्ही स्टाफरूममध्ये पेढे ठेवले होते. सर बसले, पेढा घेतला आणि हळूच विचारलं, "मी नव्हतो तं काय काय अडलं?"

बॅचेस झाल्या होत्या. पोर्शन झाला होता. टेस्ट सिरीजही झाली होती. फिजिक्सला सरांचाच एक जुना विद्यार्थी येत होता, आणि मुलांना तो आवडलाही होता. हे कसं सांगायचं?

बायोलॉजीचे काळे सर फार सरळ माणूस. डोकं खाजवून म्हणाले, "पंखा!"

"काय?"

"वरच्या वर्गातला पंखा, सर. एवढ्या बटनातलं त्याचं कोणतं, हे तुमालेच माहीत. आमी दाबून दाबून थकलो. पोरं घामानं भिजले."

सरांनी काळे सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून जातील. चेहरा पडला होता. पेढा हातातच होता. मग ते उठले, वर गेले, पंखा लावून आले आणि म्हणाले, "डावीकडून दुसरं."

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. काळे सर मला विचारत होते, "माह्यं काही चुकलं का?"

* * *

आणि हा आत्ताचा, मागच्या महिन्यातला.

एक पालक आले. मोठं कापडाचं दुकान, बोलणं एकदम ठाम. बरोबर बारावीतली मुलगी. मी सरांच्या केबिनमध्येच पेपर तपासत होते. मुलगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती, पट्टे दोन्ही मुठींत धरून.

"सर, इले संध्याकाळच्या बॅचमध्ये बी टाकून द्या. सकाळी हाय, दुपारी हाय. संध्याकाळीच तेवढी रिकामी बसते."

सर मुलीला म्हणाले, "काय करतं वं तू संध्याकाळी?"

वडीलच बोलले, "काही नाही करत सर! गच्चीवर जाऊन बसते!"

"मी तिले विचारलं."

मुलगी वडिलांकडे बघून, मग खाली बघून म्हणाली, "गच्चीवर बसते."

सरांनी मान हलवली. टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं, परत ठेवलं.

"नाही जमणार," ते म्हणाले. "संध्याकाळची बॅच फुल आहे."

केबिनला काच आहे आणि काचेतून वर्ग स्वच्छ दिसतो; आत संध्याकाळचीच बॅच बसली होती. वडील उठून उभे राहिले, काचेपाशी गेले. "सर, काहून असं करता! ते मागचे तीन बाक तं पार रिकामे दिसून राह्यले!"

सर खुर्चीतून वळले. सावकाश बघितलं.

"हो," म्हणाले, "ते रिकामेच ठेवाचे आहेत."