आसरांची किंमत सहा पाणी

माझ्या पहिल्या बिबट्याचा जोर सतरा होता. त्यात माझी काही चूक नव्हती. मी पडलो केंदूरचा. आमच्याकडचा बिबट्या उसाच्या फडातून नुसता जांभई देत बाहेर आला, तरी शिक्रापूरच्या चौकातले कंटेनर आपण होऊन रिव्हर्स घेतात. हे मी स्वतः पाहिलंय. निदान ज्यानं पाहिलं, त्याच्या शेजारी बसून चहा तरी प्यालोय.

"हा बिबट्या हाय का जेसीबी?" माझा दोस्त म्हणाला, आणि सतरावर काट मारून त्यानं चार लिहिलं.

दोस्त खुटबावचा. शिक्रापूरला आम्ही एकाच कंपनीत कामाला होतो आणि एकाच खोलीत राहायचो. खोली एवढी ऐसपैस, की एकाला कूस बदलायची असली तर दुसऱ्यानं जिन्यात जाऊन उभं राहायचं. मी डिस्पॅचला, तो क्वालिटीत. दिवसभर गेज घेऊन बसायचा. पार्टमध्ये केसाएवढा फरक निघाला की लाल रंगाचा फटकारा. बरोबर असला तर हिरवा ठिपका. माझ्या गोष्टींनाही तो असाच तपासायचा. मी सांगितलेला पूर त्याच्या तोंडून पुढं जाईपर्यंत गुडघ्याएवढा झालेला असायचा.

कॅन्टीनमध्ये ट्रेनी इंजिनिअर पोरं एक परदेशी पत्त्यांचा खेळ खेळायची. ड्रॅगन, जादूगार, आगीचे घोडे. आम्ही ताट हातात घेऊन त्यांच्या मागं उभं राहायचो. एकदा दोस्त म्हणाला, "आपल्याकडं काय भुतं कमी हायती का?" आणि आमचा खेळ सुरू झाला. प्रेसवाल्याकडून वाया गेलेल्या लग्नपत्रिका आणायच्या, कोऱ्या बाजूवर चित्र काढायचं. चित्र त्याचं, थाप माझी. चित्राखाली तीन आकडे: पाणी, जोर, जीव. पत्ता मैदानात उतरवायचा तर पाणी मोजायचं. पहिल्या पाळीला एक पाणी, दुसरीला दोन, असं वाढत जाणार. कॅनॉलच्या आवर्तनावर वाढलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? आमच्याकडं वेताळ होता, दहा चाकांचा राक्षस होता, आणि 'डीपी जळाली' नावाचा एक पत्ता होता. तो पडला की वीज गेली, मोटार बंद; समोरच्याला पुढच्या पाळीत पाण्याचा थेंब नाही.

माझी समजूत अशी, की जितका मोठा राक्षस, तितका मोठा खेळ. दोस्ताला ते पटत नव्हतं. "एकच पत्ता सगळ्यांला खात असंल, तर बाकीची चित्रं मी काढायची कशाला?" म्हणून त्यानं नियम घातला. ज्यानं पत्ता रचला त्यानं आधी समोर बसून त्याचा मार खायचा, मग पत्ता फिरवून दुसऱ्यानं खायचा. दोघंही "बरोबर" म्हणाले तरच कोपऱ्यात हिरवा ठिपका. माझे पत्ते लाल रंगात न्हाऊन निघाले. माझ्या एका गरुडावर तर एवढी लाली चढली होती, की लोकांना तो लाल तुऱ्याचा कोंबडा वाटला असता.

मग दोस्ताचे पाय सुजायला लागले. सेफ्टी शूजमध्ये पाय जाईना. मी म्हणालो, "मालकानंच बूट लहान दिलेत." तेव्हा आम्ही हसलो. तपासण्या झाल्या, दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. त्यानं नोकरी सोडली, खुटबावला घरी गेला, दौंडला डायलिसिस सुरू झालं.

कंपनीला गुरुवारची सुट्टी. दर गुरुवारी मी तळेगाव, न्हावरे, पारगावचा पूल करत गाडीवर त्याच्याकडं जायचो. दुपारभर खाटेवर डाव मांडायचा. डॉक्टरांनी त्याला पाणी मोजून दिलं होतं. अम्मी, म्हणजे त्याची आई, सकाळी एका तांब्यात दिवसाचं पाणी भरून ठेवायची. चहासुद्धा त्यातच धरायची. डावात सहावी-सातवी पाळी आली की तो बोटं मोजून म्हणायचा, "बघ अम्मी, इथं मला सात पाणी हाय."

अम्मी भाजी निवडत म्हणायची, "घे बाबा, तिथं घे."

पत्त्यांचा जुडगा पुरा व्हायला एकच पत्ता बाकी होता: आसरा. डोहात, विहिरीत राहणाऱ्या त्या बाया, ज्या माणसाला हाताला धरून पाण्यात नेतात. चित्र त्यानं आधीच काढून ठेवलं होतं. भीमेच्या काठावर ओल्या केसांच्या बाया, सगळ्या पाठमोऱ्या. मैदानातला कुठलाही एक पत्ता त्या नेणार, एवढं ठरलेलं. आकडे आणि खालची ओळ माझ्याकडं होती.

मी लिहिलं, 'नेलेला पत्ता दोन पाळ्यांनी परत येतो.'

"परत येतो?" त्यानं विचारलं.

"येतो ना. केंदूरला एक गडी आसरांनी विहिरीत नेला. चांगलं जेवूखाऊ घातलं आन् धाडला माघारी. वजन वाढलं व्हतं त्याचं!"

"वजन कशाचं वाढतंय? फुगला आसंल."

अम्मीचा हात भाजीत थांबला. त्यानं पत्त्यावर लाल फटकारा मारला.

पुढच्या गुरुवारी मी लिहून नेलं, 'हिरव्या बांगड्या वाहिल्यास पत्ता परत मिळतो.' लाल. त्याच्या पुढच्या गुरुवारी, 'आसरा फक्त कमी जोराचे पत्ते नेतात.' या वेळी त्यानं रंगाची बाटली उघडलीच नाही. पत्ता खाटेवर ठेवला.

"सतरा जोराचा बिबट्या करणारा गडी तू. आन् आसरांचं मांजर केलंस?"

"पत्ता लई जड व्हतो रे."

"कुणाला जड व्हतो?"

मी खिडकीबाहेरच्या शेळीकडं बघायला लागलो. आयुष्यात शेळी एवढी मन लावून कुणी पाहिली नसेल.

"भावड्या," तो म्हणाला, "पत्ता माझ्यासाठी करू नको. डावासाठी कर. अम्मीची किडनी जुळली न्हाई, ते तुला ठाव हाय, मला ठाव हाय. पत्त्याला कशाला खोटं बोलाय लावतो? हा एवढा पास झालेला बघायचाय मला. बस."

मी पेन काढलं. 'आसरांनी नेलेला पत्ता परत येत नाही.' एवढं लिहिलं, पण माझी खोड जाते होय? पाण्याच्या जागी दहा टाकलं.

त्यानं बघितलं आणि हसला. "दहा लिवून कपाटात कोंडतोस व्हय त्यांस्नी? आपला डाव कवा दहाव्या पाळीला गेलाय? सहा कर."

"आठ."

"सहा. ही काय बाजारातली वांगी हायती?"

सहा पाणी झालं. रचणारा मी, म्हणून पहिला मार माझा. त्यानं आसरा टाकल्या आणि माझा बिबट्या, त्या वेळी चारच जोराचा, पाण्यात गेला. मग पत्ते फिरवले. आता आसरा माझ्या हातात, आणि समोर त्याची राखणीची कुत्री. ती त्याची लाडकी. जोर जेमतेम, पण ती मैदानात उभी असेपर्यंत मागच्या कुणाला हात लावता यायचा नाही. सहावी पाळी आली. मी आसरा टाकल्या आणि कडेचा एक फालतू उंदीर नेला.

त्यानं सगळे पत्ते गोळा केले. "पुन्हा मांड."

"का?"

"उंदरासाठी आसरा येत्यात व्हय? पुन्हा मांड."

दुसऱ्या डावात मी कुत्री नेली. हात सरळ गेला आणि तिला उचलून बाजूला ठेवलं. आसरांपायी माझं त्या पाळीचं सगळं पाणी संपलं होतं. हाती काही उरलं नव्हतं. त्यानं उरलेल्या चार पत्त्यांनी मला घेरलं, दोन पाळ्या झुंजवलं आणि शेवटी थोडक्यात हरला.

"बरोबर," तो म्हणाला. खूश दिसत होता. "कुत्री गेली, तरी डाव मोडला न्हाई. सहाच पायजे व्हतं."

मीही "बरोबर" म्हणालो. ठिपका त्यानंच लावला.

उन्हाळा लागायच्या आत तो गेला. मी कशातही भर घालतो, पण इथं घालायला काही नाही. दुपारी कबरस्तानात मूठ मूठ माती टाकली आणि अंगणात येऊन बसलो. कंपनीतली पोरं माझ्याकडं बघत होती, की हा आता काहीतरी गोष्ट सांगेल. मी नाही सांगितली.

गुरुवार आला की गाडी मात्र आपोआप पारगावच्या पुलाकडं वळते. पहिल्यांदा गेलो तेव्हा अम्मीनं भाकरी वाढली, मग पत्त्यांचा जुडगा खाटेवर आणून ठेवला.

"मांड," ती म्हणाली.

"अम्मी, तुम्हांला येतो?"

"दोन वरीस तुमचं कोकलणं ऐकतीये. न्हाई यायला काय झालं?"

तिला खरंच येतो. वर ती चोरीही करते. पाणी मोजताना एखादं जास्त धरते, आणि मी बघितलं की "चष्मा न्हाई रं लावला" म्हणते. माझ्या चार जोराच्या बिबट्याला तिनं 'डीपी जळाली' टाकून असं उपाशी मारलं, की तो बिचारा फडात परत गेला.

त्या दिवशी सहाव्या पाळीला मी माझा दहा चाकांचा राक्षस मैदानात आणला. तिच्याकडं त्याला अडवायला काहीच नव्हतं. पण तिनं हातातले पत्ते खाटेवर उलटे ठेवताना मला पाठमोऱ्या बाया दिसल्या होत्या. पाणीही तिच्याकडं पुरेपूर होतं.

"अम्मी, हातात हाय की तुमच्या. टाका."

तिनं पत्ता उचलला. चित्रावरून अंगठा फिरवला, खालची ओळ वाचली. ओठ हलवत, सावकाश.

"हा मी न्हाई टाकायची," ती म्हणाली.

"मग हरताय."

"हरते."

राक्षसानं तिचे पत्ते एकामागून एक नेले. पाठमोऱ्या बाया शेवटपर्यंत तिच्या हातात राहिल्या. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी, आसरा तिच्या वाट्याला आल्या की असंच होतं. तिच्या हातून त्या कधीच सुटत नाहीत. दोस्त असता तर एका पत्त्यानं कमी खेळतीयेस म्हणून भांडला असता. मी भांडत नाही. पत्ते पिसतो आणि वाटायला घेतो.