कोपरगाव ते पाथर्डी: मावशीचं दृढीकरण आणि माझा शॉर्टकट

सुप्यातल्या कंपनीतलं काम नुकतंच सुटलेलं, बाईक दारात उभी, आणि आईचा फोन आला. "रत्नामावशीला कोपरगावहून गावी आन. रविवारी दहाला बिशपसाहेब येनार हायेत." लगेच निघालो.

मावशी कोपरगावकडं ऊसतोडीला जाते. पाथर्डीकडचं आमचं गाव दिवाळीनंतर निम्मं रिकामं होतं, आणि बिशपसाहेब नेमके त्याच हंगामात येतात. ते डोक्यावर हात ठेवून दृढीकरण करतात, मगच आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर मिळते. मावशीचं ते सात वर्षं राहतंय. मी सोळाव्या वर्षी दुपारच्या मटणावर डोळा ठेवून दृढीकरणाच्या रांगेत उभा राहिलो होतो. नंतर नाताळ सोडून चर्चची पायरी चढलो नाही. म्हणजे भाकर मला मिळते, तिला नाही. ह्यातलं गणित मला अजून लागलेलं नाही.

शनिवारी मावशीच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, मुक्काम. जानेवारीत जाणार असाल तर कानटोपी घ्याच. सकाळी सहाला निघताना मुकादम हसला, "काय रत्नाबाई, स्वर्गात बी कोयता नेनार का?"

"तुमालाच देऊन जाईन की. तुमाला हितंच ऱ्हायचंय ना!"

पेट्रोल पाचशेचं टाकलं. श्रीरामपूरमार्गे नेवासा, मग शेवगाव, पाथर्डी. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर इतके, की ओव्हरटेक करताना देव आपोआप आठवतो. मावशीला वाचता येत नाही. दृढीकरणाला विचारतात त्या प्रश्नोत्तरांच्या कागदाचा मी कोपीतच मोबाईलमध्ये फोटो काढला आणि उत्तरं तिच्याकडून पाठ करून घेतली. मी प्रश्न ओरडायचो, ती मागून उत्तर. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना ती मध्येच अडकायची. "असू दे, पहिल्यापासून घे," मी म्हणायचो. बारा-पंधरा वेळा तरी झालं असेल.

आठला नेवासा फाट्यावर चहा-वडापाव. शेजारचा एक ड्रायव्हर म्हणाला, "प्रवरासंगमला आत्ता पानी लई झ्याक दिसतंय." झालं. आपलं डोकं असंच आहे. गाडी उलट्या दिशेला वळवली.

"ह्यो रस्ता शेवगावचा वाटंना रं."

"शॉर्टकट हाय, मावशे."

नदी सुंदर होती. काठावरचं दगडी देऊळ, धुकं, होड्या. फोटो काढता काढता वेळ कुठं गेला कळलं नाही. मावशी गाडीला टेकून ओठ हलवत उभी होती, पुन्हा पहिल्यापासून.

गावात पोचलो तेव्हा पावणेबारा. मांडवात पंगत बसलेली. बिशपसाहेब पुढच्या गावी निघून गेलेले. चर्चचे पंच म्हातारे, त्यांनाच वाईट वाटलं. "उशीर केला पोरी. आता पुढच्या साली."

"येते की," मावशी म्हणाली. पदर खोचला आणि पंगतीत भात वाढायला लागली.

परतीच्या वाटेवर मी खरं सांगितलं. शॉर्टकट नव्हता, मला नदी बघायची होती. म्हटलं आता शिव्या घालेल.

"कळलं हुतं मला. नदी आपल्या वाटंच्या उलट्या अंगाला हुती."

"मग बोलली का न्हाईस?"

"लई बोलले. तू हेल्मेट घातल्यालं." पुढं म्हणाली, "रडले बी. पन तिथं जायाचं म्हनल्यावर थांबून कसं चालंल?"

तिथं म्हणजे चर्चमध्ये की वर, हे मी विचारलं नाही.

सुप्याला येऊन आठवडा झाला. नवीन काम बघायचंय, बघत नाही. नदीचे फोटो भारी आलेत, पण कुठंच टाकवत नाहीत. काल दुपारी मुकादमाच्या फोनवरून मावशी बोलली. "तुज्याकडं कागदाचा फोटू हाय ना? इचार."

मी फोन स्पीकरवर टाकून विचारत गेलो. तिनं एका दमात सगळं म्हटलं, कुठंही न अडकता. मागून ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"आता तू म्हन," ती म्हणाली.

मी मोबाईल पालथा ठेवला आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला अडकलो.

"असू दे," पलीकडून मावशी म्हणाली. "पयल्यापास्नं घे."