चेंडूवर बसलेली बाई

तूरिदच्या जिभेला हाड नाही, हे फेरो बेटांपैकी सुदुरॉय बेटावर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मासे कापायच्या कारखान्यात तिने उभा जन्म काढला, नवऱ्याला मातीआड केलं, दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली; पण गाव तिला ओळखायचं ते गाण्यांमुळे. कोणी मूर्खपणा केला की आठवडाभरात त्याच्यावर तूरिदचं टवाळीचं गाणं तयार. मग उत्सवाच्या दिवशी सगळं गाव हातात हात गुंफून लांबलचक साखळी करतं, लाकडी जमिनीवर पाय आपटत ते गाणं म्हणतं, आणि ज्याच्यावर गाणं आहे त्याला दोन दणकट माणसं दोन मनगटांना धरून मध्ये नाचवतात. शेवटचं कडवं संपेपर्यंत सोडायचं नाही, मग तो हसो, रडो की लाथा झाडो.

हानुसने एकदा धुक्यात शेजाऱ्याचा मेंढा आपला समजून कापला आणि अर्धा फस्त केल्यावर त्याच्या कानावरची मालकीची खूण बघितली. त्यावर तूरिदने वीसेक कडवी केली होती. हानुस पडला नाचाचा म्होरक्या, तेव्हा स्वतःची अब्रू स्वतःच्याच खड्या आवाजात वेशीला टांगायची पाळी त्याच्यावर आली. टांगली बिचाऱ्याने. दुसऱ्या दिवशी उरलेल्या मेंढ्याचं वाळवलेलं मटण घेऊन तो तूरिदकडे कॉफीला आला. रीतच तशी आहे. गाणं झालं की विषय मिटला, पुढे त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गावात एकाच माणसावर कधी गाणं झालं नाही. दारू पिऊन त्याने बोट खडकावर घातली होती आणि भावाला गमावून एकटा परत आला होता. त्याच्याशी सगळे फार अदबीने वागले. वर्षभर ती अदब सोसून तो डेन्मार्कला निघून गेला.

तर अशी ही तूरिद बायकांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात कशी शिरली, तर बहिणीच्या मुलीमुळे. रान्वा संघात आली तेव्हा मावशी तिच्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन मैदानावर गेली, तिथे धुतलेले शर्ट बघितले आणि म्हणाली, "यापेक्षा स्वच्छ फडकं मी माशांच्या टेबलावर वापरते." झालं. तेव्हापासून शर्ट धुणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, बुटांतलं गवत काढणं हे सगळं तिच्याकडे. कागदावर तिचं पद होतं साहित्य व्यवस्थापक. ती स्वतःला संघाची धोबीण म्हणायची. फावल्या वेळात ती देशोदेशीच्या पंचांना त्यांच्या डोळ्यांविषयी आणि कुळाविषयी फुकट सल्ला द्यायची. पंचांना फेरो बेटांची भाषा येत नसे, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला फिनलंडजवळच्या ऑलंडला बेटांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. रान्वा कर्णधार. वय चौतीस, डावा गुडघा दोनदा शिवलेला, आणि ही आपली शेवटची स्पर्धा असं तिने आधीच सांगून टाकलेलं. या स्पर्धेची उपांत्य फेरी तिने कधी पाहिली नव्हती, आणि तेवढी एकच तिची इच्छा उरली होती.

गटातला शेवटचा सामना शेटलंडशी होता. ग्रीनलंडचे सामने संपले होते. कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षक बार्दूरने सगळ्यांना बसवून गणित मांडलं. आज बरोबरी झाली तर आपले आणि ग्रीनलंडचे गुण सारखे, गोल सारखे, सगळंच सारखं. मग कार्डं मोजणार. पिवळं म्हणजे एक, लाल म्हणजे तीन. ज्यांची बेरीज कमी ते उपांत्य फेरीत. ग्रीनलंडची पिवळी पाच, आपली तीन.

"म्हणजे बरोबरी पुरे," बार्दूर म्हणाला. "फक्त कोणी कार्ड घ्यायचं नाही. ढकलाढकली नाही, पंचांशी वाद नाही. कोणी आईवरून शिवी दिली तरी हसायचं."

"माझ्या आईला ओळखत असतील तर देणारच नाहीत," रान्वा म्हणाली.

तूरिद कोपऱ्यात मोजे जुळवत होती. "बरोबरी पुरे" एवढं तिच्या कानात शिरलं, पुढचं बाहेर राहिलं. कार्डं खेळणाऱ्यांना मिळतात, धुणं धुणाऱ्यांना नाही, अशी तिची पक्की समजूत होती. बार्दूरचीही तीच होती म्हणा, नाहीतर त्याने तिला हॉटेलातच कोंडून ठेवलं असतं.

सामना एक-एक असा आला आणि तिथेच अडून बसला. आपल्या पोरी चर्चमध्ये आल्यासारख्या खेळत होत्या. शेटलंडची एक पोरगी रान्वाच्या अंगावरून गेली, तर रान्वाने तिला वाट करून दिली आणि वर हात जोडले. शेवटची पाच मिनिटं राहिली. शेटलंडवाल्या चवताळून चढून येत होत्या. जास्तीचे दोन्ही बॉल वाऱ्याने मघाशीच कुंपणापलीकडे नेले होते. तेवढ्यात उरलेला बॉल रेषेबाहेर आला आणि गडगडत तूरिदच्या पायाशी थांबला. आत टाकायची पाळी शेटलंडची.

तूरिद स्टुलावरून उठली आणि बॉलवर बसली. पायघोळ रेनकोट चहूबाजूंनी नीट पसरला, पिशवीतून विणकाम काढलं आणि एक उलट एक सुलट सुरू केलं.

शेटलंडची पोरगी धापा टाकत आली. "बॉल?"

"कुठला बॉल?" तूरिद म्हणाली.

पोरगी रेनकोटाकडे बोट दाखवून ओरडायला लागली. नॉर्वेची पंचबाई धावत आली. नॉर्वेच्या माणसाला आपलं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, हे तूरिदच्या ध्यानात राहिलं नाही.

"उठा," पंचबाई म्हणाली.

"गुडघे धरलेत हो. वयाचा काही मान ठेवाल की नाही?"

"उठा म्हणते ना."

"उठले की तुम्ही खेळ सुरू करणार. मग मी कशाला उठू?"

पंचबाईने खिशात हात घातला आणि लाल कार्ड वर धरलं. हे कुणाला दाखवतायत म्हणून तूरिदने मागे वळून बघितलं. मागे धुण्याची टोपली होती.

"मला? अहो, मी खेळते का?"

खेळत नव्हती, पण नियम आहे. समोरच्या संघाचा खेळ अडवला तर बाकावरच्या माणसालाही लाल कार्ड मिळतं. तूरिदला दोघींनी बखोट धरून उठवलं, बॉल बाहेर आला, मैदान हसलं, आणि पाच मिनिटांनी सामना एक-एक संपला. पुढे गेलो या समजुतीने पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रान्वा लंगडत, नाचत बाकाकडे आली. बार्दूर डोकं धरून बसला होता. त्याने मान वर न करता तीन बोटं दाखवली. आधीचे तीन आणि हे तीन. सहा. ग्रीनलंडचे पाच.

रान्वा मावशीकडे बघत राहिली. मग वाकली आणि पोरींचे घामट शर्ट स्वतः गोळा करायला लागली. ते काम तूरिद असताना कोणी केलं नव्हतं, आणि तूरिदला त्या क्षणी कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तूरिदने मनाची तयारी केली होती. आता कारखान्यात चिडवतील, दुकानात कोंबडीसारखं ओरडतील. चाळीस वर्षं जे पेरलं ते उगवणारच. पण कोणी काही उगवू देईना. शेजारीण रुबार्बचा केक घेऊन आली आणि म्हणाली, "होतं असं." दुकानात रांगेतल्या लोकांनी तिला पुढे जाऊ दिलं. पाद्रीबाईंनी तर तिचा हात हातात घेऊन थोपटला. दुखवट्याला आल्यासारखी माणसं येत होती आणि जपून बोलत होती. या गावात असं कुणाशी वागतात, ते तूरिदला पुरतं ठाऊक होतं.

आणि रान्वा. ती समोरच्याच घरात राहायची. रोज सकाळी दारात भेट व्हायची. "नमस्कार, तूरिद," ती म्हणायची आणि गाडीत बसायची. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं तूरिद. मावशी गेली कुठे?

एका संध्याकाळी तूरिदने स्वतःच स्वतःवर गाणं करायला घेतलं. जमेना. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या करण्यासारखं ते, हसूच येत नाही.

जूनअखेर उत्सव आला. तूरिद ठेवणीतला पोशाख घालून, चांदीच्या गुंड्या लावून नाचघरात गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हात मोकळे ठेवले, कोणाला धरायचे झाले तर. जुनी गाणी झाली, राजांची, लढायांची. दारूच्या नशेत बोट विसरून पोहत घरी आलेल्या एकावर नवं गाणं झालं. त्याला दोघांनी धरून नाचवलं आणि तो हसून हसून बेजार झाला. तूरिदला त्याचा मनापासून हेवा वाटला. साखळी सुटली, लोक दम घ्यायला थांबले, तशी ती सरळ हानुसकडे गेली.

"माझं कधी?"

हानुस बुटांकडे बघायला लागला. "या वर्षी नाही, तूरिद."

"का? मी काय मेंढ्यापेक्षा कमी आहे?"

"मी केलं होतं. रान्वाने नको म्हटलं."

तूरिदने मान डोलावली. तिने खुंटीवरचा कोट काढला. बाही कुठे आहे तेच तिला सापडेना. दारात रान्वा उभी होती.

"कुठे चाललीस?"

"घरी. तुला त्रास नको."

"त्रास देऊन झाल्यावर सुचलं होय," रान्वा म्हणाली. "हानुसचं गाणं ऐकलंस का तू? त्यात 'बिचारी म्हातारी' दोनदा आलंय."

"बिचारी?" तूरिदने हानुसकडे अशी नजर टाकली की तो खांबाआड सरकला.

"म्हणून नको म्हटलं. गाणं मी करणार होते. पण तीन आठवडे नुसत्या शिव्याच येत होत्या, मावशी. यमकात बसत नव्हत्या. रडूसुद्धा येत होतं. माझी शेवटची स्पर्धा होती ती. तुला कळतंय का?"

"कळतंय."

"बरं झालं. काही शिव्या उरल्यात, त्या मधेमधे घातल्यात." आणि तिने तूरिदचं मनगट धरलं, चांगलं करकचून. दुसरं हानुसने धरलं. साखळी जमली, पाय आपटले, आणि रान्वाने आपल्या भसाड्या आवाजात सुरुवात केली:

*बॉल आला पायापाशी, वर बसली मावशी,*
*कोंबडीसुद्धा अंड्यावरनं उठते होऊन उपाशी.*

नाचघर दणाणलं. पाद्रीबाई डोळे पुसत हसत होत्या. प्रत्येक कडव्यात तूरिदचं काही ना काही निघत होतं: गुडघे, रेनकोट, विणकाम, धुण्याची टोपली, आणि तोंड तर चार वेळा. यमकं कुठे कुठे लंगडी होती. पण घाव बसायचा तिथेच बसत होते. शेवटचं कडवं रान्वाने तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं:

*जन्मभर मी धावधावले, हाती आला भोपळा,*
*मावशीनं बसल्या जागी धुतला सारा सोहळा.*

गाणं संपलं. हानुसने हात सोडला. रान्वाने सोडला नाही.

"संपलं की," तूरिद म्हणाली. "सोड आता."

"इतक्यात नाही. पुन्हा पहिल्यापासून."

हानुसने मुकाट्याने परत मनगट धरलं. या वेळी कोंबडीचं कडवं तूरिदने उचललं, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.