सिस्टरच्या गळ्याखालची डबी

सिस्टर बसत नसे. सावली गावच्या दवाखान्यात ती बरीच वर्षे होती, पण खुर्चीला तिची पाठ लागलेली मी पाहिली नाही. भातसुद्धा उभ्यानेच खायची. एका हातात ताट, दुसऱ्या हाताने खिडकी लाव, फडके झटक. मी तिथे काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळायचे काम करत असे. "दोन घास तरी बसून खा," म्हटले की म्हणायची, "बसली का गंज चढते, बाई."

शीर शोधताना मात्र ती थांबायची. सगळे अंग गप्प, दोन बोटे तेवढी कोपराच्या खळगीत चालायची. हगवणीने वाळलेल्या पोराचीही शीर तिला सापडे. डॉक्टर हरले की तिलाच हाक मारत.

मग तिलाच छातीचा कॅन्सर झाला. मुंबईला ऑपरेशन झाले. नंतरच्या इंजेक्शनांनी तिच्या हाताच्या शिरा काळ्या पडून दोरीसारख्या कडक झाल्या. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक लहान डबी बसवली. डबीची नळी आतल्या मोठ्या शिरेत गेलेली. सुई डबीत टोचायची, औषध शिरेत जायचे. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा तिने गावात कोणालाच सांगितले नव्हते. लोकांनी डोकावून बघितलेले तिला चालत नसे.

पुढची इंजेक्शने नागपूरला होती. चार उरली असताना तिला ताप चढला. मी तिचे अंग पुसत होते. गळ्याखाली बोटांना टणक गाठ लागली, सुपारीएवढी. मला वाटले, रोग वर सरकला. आमच्याकडे गाठीवर बिब्बा घालतात. आईने घातला, सासूने घातला. सिस्टर ग्लानीत होती. मी दाभणाला बिब्बा टोचला, चुलीवर तापवला आणि त्याचे तेल गाठीवर लावले.

दुसऱ्या दिवशी तिथे फोड टरारला.

"काय केलं तू हे, बाई?"

"गाठ वर आली होती."

"गाठ नाई ते. औषधाचं दार हाय. डाक्टरनं बसवलं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

दोघींचेही खरे होते. त्याने फोड बरा होत नव्हता.

नागपूरच्या डॉक्टरांनी फोडातून सुई घालायला नकार दिला. घाण आत गेली तर रक्तात पसरेल, कातडी भरेपर्यंत थांबा, म्हणाले. औषध थांबले. रोग थांबणार होता थोडाच! त्या दिवसांत सिस्टर क्वार्टरपासून हातपंपापर्यंत रिकामी बादली घेऊन फेऱ्या मारायची. ती आरशात कातडी बघायची, मी तिचे तोंड बघायची. माफी मागायला गेले तर म्हणाली, "सुया उकळ जा."

चौथ्या आठवड्यात तिच्यासोबत मीही नागपूरला गेले. तिथल्या नर्सने डबी चाचपली, सुई टोचली, पिचकारी ओढली. नळीत लाल रक्त आले. रस्ता उघडा होता. मग औषध सुरू झाले आणि सिस्टर चार तास खुर्चीत बसली. पाय तरी हलतच होते.

"बोल न काहीतरी. अशी बसून मरन मी."

"काय बोलू? तोंड हाय का माह्यं?"

"बिब्बा घालाले हात होता, बोलाले तोंड नाई?"

शेजारची पेशंट बाईसुद्धा हसली.

चारही इंजेक्शने झाली. त्यानंतर सिस्टरने लपवणे सोडले. दवाखान्यात आलेल्या बाईचा हात धरून गळ्याखाली लावायची. "हे गाठ डाक्टरनं बसवली. तुह्या अंगात आपोआप आली असंल, तर बिब्बा नको घालू. मले दाखव." कोणी विचारले, हा काळा डाग कशाचा? तर म्हणायची, "माह्या जिवाच्या बाईनं देला." नाव तिने कधी सांगितले नाही.

पुढे तिची भामरागडला बदली झाली. तिथे ती पाच पावसाळे चालत राहिली. सहाव्यात रोग परत आला. ती गेली तेव्हा पुराने रस्ता बंद होता, मला आठ दिवसांनी कळले.

तिने नाव सांगितले नाही, म्हणून मी सांगते. तो डाग माझ्या हातचा.