मे महिन्यातली शाकारणी

माझं माहेर चिपळूणजवळचं. मृगाच्या आत शाकारणी झालीच पाहिजे, हे आमच्या हाडांत मुरलेलं. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, पुन्हा नीट बसवायची आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. लग्न होऊन चेन्नईत आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. इथे मैलापूरच्या आमच्या घरावर कौलं नाहीत, सिमेंटची सपाट गच्ची आहे, आणि खरा पाऊस येतो तो दिवाळीच्या आगेमागे. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी एप्रिल सरत आला की माझे हात शिवशिवायला लागतात.

सासर तंजावरकडच्या मराठी लोकांचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठीच, पण ती जुनी आणि तमिळ हेलाची. पहिलं वर्षभर मी नुसती हसून मान डोलवायचे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. त्यांचा जन्म सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेला. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हाती एकच काम उरलं, ते म्हणजे गच्ची.

दर वर्षी आवणी महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या श्रावण-भाद्रपदात, ते सकाळच्या उन्हाआधी वर जात. पानंबिनं झाडून काढत, पाणी जायच्या पाइपांची तोंडं साफ करत, आणि मग एक बादली पाणी ओतून ते कुठून कुठे जातं ते बघत बसत. नुसतं बघत. एका बादलीला अर्धा तास! पाणी जिथे रेंगाळेल तिथे खडूने गोल काढायचा आणि गवंड्याला बोलावून तेवढीच जागा दुरुस्त करून घ्यायची. मी कपडे वाळत घालता घालता त्यांची टर उडवायचे. तेही हसायचे.

गेल्या वर्षी, आवणीच्या तोंडावर, शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. मनगट मोडलं, खुबा थोडक्यात वाचला. वय ऐंशीच्या पुढे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की पुन्हा पडले तर उठून चालतील याची खात्री नाही. माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या ताब्यात दिली.  मामंजींचं जेवण कमी झालं. पेपर न उलगडता मांडीवर घेऊन बसू लागले. रोज डोळ्यांसमोर माणूस आक्रसत होता आणि किल्ली माझ्या कमरेला होती. मला माझाच राग यायचा.

त्या वर्षीची आवणी गच्चीला हात न लावताच गेली. पाऊसही बेताचा पडला, म्हणून निभावलं. मग या मे महिन्यात मी ठरवलं, गच्ची आपणच करून टाकू. पाणी अडवणारा पांढरा लेप मारून घ्यायचा, म्हणजे त्यांनाही घोर नको. हे मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेले.

“कत्तरींत नक्को, अम्मा,” ते म्हणाले. अम्मा म्हणजे मीच, इथे लेकीसुनांनाही तशी हाक मारतात; आणि कत्तरी म्हणजे इथला मे महिन्यातला सगळ्यांत कडक उन्हाचा काळ. “स्लॅब तव्यासारखा आहे आता. लेप धरायचा नाही. आणि आधी पाणी ओतून तरी बघ.”

“मामंजी, पावसाच्या आत व्हायला हवं ना?”

“कुठल्या पावसाच्या?” त्यांनी शांतपणे विचारलं.

मी हट्टाला पेटले होते. माणसं आली, तीन दिवसांत खरवडून, कठडा आणि गच्ची मिळतात तो कोपरा सिमेंटने गोलसर भरून, म्हणजे वाटा मारून, वर लेप देऊन गेली. गच्ची दह्यासारखी पांढरीशुभ्र दिसत होती. मी फोटो काढून चिपळूणला बहिणीला पाठवले आणि दोन दिवस तोऱ्यात फिरले.

जुलैपर्यंत लेपाला फुगे आले. ते मी नखाने दाबून बघितले आणि कोणाला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जरा थांबला, तेव्हा मी मामंजींच्या खोलीत चहा घेऊन गेले. त्यांचा पलंग भिंतीकडे सरकवलेला होता आणि खोलीच्या मधोमध आमचं मोठं स्टीलचं पातेलं. टप, टप. पातेलं निम्मं भरलेलं.

“हे कधीपासून?”

“परवांपासून.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

त्यांनी कप हातात घेतला. “सांगटलं तर तुला वाईट वाटेल. आणि तुझा नवरा म्हणेल, अप्पाला वर जायला निमित्त पाहिजे.”

कोणी फाडकन थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. दोन रात्री हा म्हातारा माणूस ठिबकणारं छत बघत पडून राहिला होता, आणि तेही मला वाईट वाटू नये म्हणून.

नवरा शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला कारखान्यात, संध्याकाळपर्यंत येणं शक्य नव्हतं. फोनवर म्हणाला, “अप्पाला वर नक्को नेऊं हां. सांगून ठेवतों.” मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि एकटीच वर गेले. गच्चीवर घोट्याएवढं पाणी तुंबलं होतं. पुढच्या कोपऱ्यातल्या तोंडातून थोडं थोडं जात होतं, पण मागची बाजू तळ्यासारखी स्थिर. दुपारी पुन्हा जोराचा पाऊस सांगितलेला.

खाली येऊन सांगितलं तर मामंजींनी पहिला प्रश्न केला, “मागचं तोंड उघडं आहे की?”

मागे दुसरं तोंड होतं हे मी साफ विसरले होते. माझ्या माणसांनी त्यावरून झकास वाटा मारून ते बुजवलं होतं. आधी एक बादली ओतली असती तरी तिथल्या तिथे कळलं असतं.

मी त्यांच्यासमोर किल्ली धरली. “चला. पण गच्चीच्या उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. कबूल?”

“कबूल.” मग उठता उठता म्हणाले, “आधी माझ्या खोलीची लाइट मेन बोर्डांतून बंद कर. आणि ती चप्पल काढ, रबरी बूट घाल.”

कठडा धरून, पायरी पायरीला थांबत आम्ही वर गेलो. जिन्याच्या दारात आतल्या बाजूला मी खुर्ची मांडली आणि त्यांना बसवलं. छिन्नी-हातोडी घेऊन पाण्यात उतरले.

“पाण्याच्या टाकीच्या खांबापासून माझी चार पावलं. तुझी पांच होतील. घाई नक्को, पाय घासत जा. आतां कठड्याकडे तोंड कर. खालीं.”

मी ठोकलं. भक्कम. आणखी ठोकलं. तेही भक्कम. आभाळ काळं होत चाललं होतं. “इथे नाही हो!” मी ओरडले.

“थोडं डावीकडे असेल,” म्हणत ते खुर्चीतून उठले आणि त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर आला.

“मामंजी, मागे!” मी किंचाळले. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. “तुम्ही पडलात तर मी काय करू? या घरात माझ्याशी बोलणारं आहे कोण तुमच्याशिवाय?”

हे असं बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं.  मामंजींनी पाय आत घेतला, खाली बसले, डोळे मिटले आणि हवेत बोटाने काहीतरी रेघा ओढू लागले. त्यांच्या डोक्यातला नकाशा उलगडत असावा.

“डावीकडे एक वीत,” ते म्हणाले. “नुस्तं एक वीत.”

तिसऱ्या घावाला आवाज पोकळ आला. पाचव्याला सिमेंटचा पोपडा आत कोसळला, तो मी हात घालून ओढून काढला आणि सगळं पाणी घोंघावत त्या भोकाकडे धावलं. मी तिथेच बसकण मारली, चिखलात. मामंजी दारात बसून टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी नवरा भिजून आला. ठिबकणं थांबलेलं बघून आधी खूश झाला, मग सगळं कळल्यावर चिडला. “मी सांगटलों होतों ना? अप्पाला वर नेलीस कशाला?”

“मी दारांत होतों,” मामंजी म्हणाले. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा रसम-भात मागून घेतला होता. “वर हीच होती. आतां हीच जाणार. लेपाला फुगे आलेत तें दारांतून दिसलं. सगळं काढून आवणींत नीट करूं. टाकीच्या वरचा भागही बघायचा आहे, तिथे शिडी लागते.”

“हिला शिडीवर चढवणार? आणि ही पडली तर?”

“कशी पडेल?” मामंजी म्हणाले. “शिडी मी धरणार आहे.”