भाषेचा रकाना

खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या पडद्यातून झिरपणारा तो गार, मातकट वास आला की मला हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या दौलतगंज पेठेतलं मराठी वाचनालय आठवतं, आणि पाठोपाठ आठवतं मी स्वहस्ते केलेलं त्याचं वाटोळं.

शहरातल्याच कंपू नावाच्या भागातल्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात ते विलीन व्हायचं होतं. तिथे मराठीला स्वतंत्र खोली मिळणार होती, मात्र संगणकाच्या सूचीत मराठी पुस्तकं दिसली तरच. संगणकाला न घाबरणारा निवृत्त माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कौतुकाची तर मला जन्मजात भूक. मुखपृष्ठ यंत्रासमोर धरलं की ते नाव वाचून उरलेले रकाने आपणच भरी. देवनागरी दिसताच भाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ लिहून मोकळं होई. ते तपासणं एवढंच माझं काम, आणि मी वैशाखाच्या त्या पिवळ्या दुपारी, जुन्या पानांच्या गोडसर गंधात झिंगून, स्वतःच्याच वेगावर खूश होत ‘मंजूर’ची कळ दाबत राहिलो.

पुस्तकं कंपूत गेली. आमच्या जुन्या सभासद इंदूकाकू आपली लाडकी कादंबरी मागायला आल्या, फाशीच्या कैद्याची. नावात ‘शिक्षा’ शब्द होता, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. कादंबरी सापडली अध्यापनाच्या कपाटात.

“बघ विनू,” काकू म्हणाल्या, “फासावर जायचा तो, मास्तरांत नेऊन बसवलास.”

मी हसलो. तेवढ्यात तिथल्या ग्रंथपाल बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“मराठी की तो एक भी नहीं है, अंकलजी. कमरा किसके लिए रखें?”

खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना देऊनही झाली होती. सूचीतली दुरुस्ती वरच्या कार्यालयातूनच होणार, आणि तिथे मराठी वाचणारं कुणी नव्हतं. मी मराठीची बाजू तावातावाने मांडली, आणि बोलून संपल्यावर लक्षात आलं की सगळं अस्खलित हिंदीत बोललो होतो. वाटलं, यंत्राने काय मोठं केलं? आमच्या घराघरांतून तो रकाना कधीचाच भरला गेला असावा, आणि कळ दाबताना तिथेही कुणी थांबलं नसावं.

काकूंनी कादंबरी पदराआड धरली. माझ्याकडे पाहत एवढंच विचारलं, “आता?”

हाही शब्द त्या यंत्राने हिंदीतच वाचला असता, आणि तिथे त्याचा अर्थ ‘येतो’. कुणी येतंय का म्हणून मी उगाच दाराकडे पाहिलं. पायऱ्यांवर ऊन तेवढं होतं.