सुमीचा खो

परवा मालेगावला शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी फक्की मारत होते. चुन्याचा तो कोरडा वास आला आणि मी अकरा वर्षांचा झालो.

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, जन्मापासून ऐकू येत नाही. आईच्या धाकाने मी तिला खेळायला नेत असे. पाठीवर थाप पडली की ती अशी सुटे, की गडी वाटताना गल्लीतला गजा आधी तिलाच मागून घेई.

"सुमी आमच्यात. तू जाय तिकडं, तुले कोनी बी घेईन," तो एकदा म्हणाला. पोरं हसली. त्या डावात सुमीने तिघांना बाद केलं. तिचा हसरा, घामेजलेला चेहरा मला बघवेना.

मी ओरडलो, "सुमी तोंडानं खो म्हनत नाही, नुसती थाप मारते. फाऊल हाय."

"इतके दिवस चाललं नं? मंग आताच कायले?" गजा म्हणाला.

मी हटलो नाही. नियम माझ्या बाजूने होता. शेवटी सुमीला बाहेर बसवलं. तिने हातांनी विचारलं, काय झालं? मी गजाकडे बोट दाखवलं.

ती पुन्हा मैदानावर आली नाही. आजही ती आपल्या मुलांना हातांनी सांगते: पोरांनी मला काढलं, तेव्हा माझा भाऊ एकटा माझ्यासाठी भांडला.